वारसा यादीत दोन, नियमात पाच: नॉर्वेच्या फियॉर्डची नावं वाचायची कशी?

नॉर्वेत १ जानेवारी २०२६ पासून एक नियम लागू झाला. देशातल्या 'जागतिक वारसा फियॉर्डां'मध्ये (फियॉर्ड म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा) शिरणाऱ्या लहान प्रवासी जहाजांनी शून्य उत्सर्जनावरच चालायचं, असा हा नियम. लहान म्हणजे १०,००० ग्रॉस टनेजच्या आतली (ग्रॉस टनेज हे जहाजाच्या आकारमानाचं माप आहे, वजनाचं नव्हे). त्याहून मोठ्या क्रूझ जहाजांना २०३२ पर्यंत सवलत मिळाली आहे.

बातमी सरळ आहे, पण खोलात गेलं की हिशोब जुळत नाही. युनेस्कोने २००५ साली वारसा यादीत नोंदवलेल्या स्थळाच्या शीर्षकात नावं आहेत दोन: गैरांगरफियॉर्ड आणि नॅरॉयफियॉर्ड. नियमात मात्र पाच नावं येतात. ती दोन, आणि शिवाय आउरलँडफियॉर्ड, सुन्निल्व्सफियॉर्ड आणि ताफियॉर्ड. हे तीन जास्तीचे आले कुठून? कुणी मागाहून घुसडले का?

तसं काही झालेलं नाही. फियॉर्डची नावं नकाशावर कशी बसतात हे कळलं की हिशोब आपोआप जुळतो. ते कळत नाही तोवर, स्कॅन्डिनेव्हियाच्या सहलीवरून परतलेल्या मंडळींच्या फोटोंखाली दिसतं तसं होतं. 'गैरांगरफियॉर्डेन फियॉर्ड नदी, नॉर्वे' अशी एक ओळ मी स्वतः वाचली आहे. चार शब्दांच्या त्या ओळीत दोन चुका आहेत. तिसरी अर्धी चूक आहे आणि तिच्याबद्दल मी कुणाला दोष देणार नाही, कारण ती नॉर्वेकरांनीच आधी करून ठेवली आहे.

## आधी बर्फ, मग समुद्र

फियॉर्ड म्हणजे हिमनदीने खोदलेली आणि नंतर समुद्राच्या पाण्याने भरलेली दरी. तेव्हा ती नदी नाही आणि तलावही नाही. फोटोत दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे हिरवं-निळं संथ पाणी दिसतं म्हणून फसायला होतं, पण ते पाणी समुद्राचं असतं आणि त्याला भरती-ओहोटी असते.

पाणी आणि बर्फ यांची खोदायची तऱ्हा वेगवेगळी. नदी करवतीसारखी कापत खाली जाते, म्हणून तिची दरी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी होते. हिमनदीचं काम कढईतली खरवड काढणाऱ्या उलथन्यासारखं. तिच्या तळाशी दगडगोटे रुतलेले असतात आणि डोक्यावर शेकडो मीटर जाडीच्या बर्फाचं ओझं असतं. त्यामुळे ती बूड खरवडते तशा बाजूही खरवडते आणि दरी 'यू' अक्षरासारखी होते: भिंती उभ्या, तळ रुंद. गेल्या सुमारे २६ लाख वर्षांत अनेक हिमयुगं आली आणि गेली. दर वेळी बर्फाने जुन्या नद्यांच्याच वाटा धरल्या आणि त्या आणखी खोल केल्या. शेवटचं हिमयुग साधारण २०,००० वर्षांपूर्वी ऐन भरात होतं. पुढे बर्फ मागे हटत गेला आणि मोकळ्या झालेल्या दऱ्यांत समुद्र शिरला.

मुख्य हिमनदीला येऊन मिळणाऱ्या लहान हिमनद्यांना एवढं खोल खोदता आलं नाही. त्यांच्या दऱ्या वरच, अधांतरी राहिल्या. शाळेच्या पुस्तकात त्यांना 'लोंबती दरी' म्हणतात. फियॉर्डच्या कड्यांवरून कोसळणारे बरेचसे धबधबे याच दऱ्यांच्या तोंडातून येतात.

## बर्फ तर तरंगतो, मग समुद्राखाली कसा खोदेल?

शंका रास्त आहे. तिचं उत्तर मासळी बाजारात सापडेल. बर्फाची कमरेएवढी उंच लादी घोटाभर पाण्यात उभी करा. ती तरंगणार नाही, बुडाशी टेकून राहील. बर्फ तरंगायला त्याच्या उंचीचा जवळपास नऊ-दशांश भाग बुडेल एवढं पाणी लागतं. हिमयुगात नॉर्वेच्या दऱ्यांतला बर्फ इतका जाड होता की समुद्राच्या पातळीखाली कितीतरी उतरला तरी तो तळाला घट्ट टेकलेला होता आणि खरवडतच होता.

म्हणूनच सोग्नेफियॉर्डची कमाल खोली १,३०० मीटरच्या वर जाते. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून जितका वर आहे, जवळपास तितकाच सोग्नेचा तळ समुद्रसपाटीपासून खाली आहे. लांबी सुमारे २०५ किलोमीटर, म्हणजे पुणे-नाशिक रस्त्याएवढी.

## उंबरठा

फियॉर्डचं अचूक वर्णन करायचं तर एक गोष्ट वगळून चालणार नाही, आणि फोटोत नेमकी तीच दिसत नाही.

हिमनदी दरीतून बाहेर, खुल्या किनाऱ्याकडे आली की पसरायची. पसरली की पातळ व्हायची, शेवटी तरंगायची, आणि तिचं खरवडणं थांबायचं. शिवाय सोबत वाहून आणलेला दगडमातीचा ढीग, म्हणजे हिमोढ, ती तोंडाशी टाकायची. त्यामुळे फियॉर्ड आत अतिशय खोल आणि तोंडाशी उथळ असतो. तोंडाशी असलेल्या या पाण्याखालच्या बांधाला नॉर्वेजियन भाषेत 'टेर्स्केल' म्हणतात. या शब्दाचा शब्दशः अर्थ उंबरठा. घराच्या दाराला असतो तोच.

सोग्नेफियॉर्ड आत १,३०० मीटर खोल असला तरी त्याचा उंबरठा २०० मीटरांहूनही कमी खोलीवर आहे. नैर्ऋत्येकडच्या लिसेफियॉर्डची गंमत आणखी मोठी. ६०४ मीटर उंचीचा प्राइकेस्तोलेन नावाचा सपाट कडा ज्याच्यावर झुकलेला दिसतो, तोच हा फियॉर्ड. कड्याखालच्या भागात पाणी ४०० मीटरच्या पुढे जातं आणि तोंडाशी अवघं १३ मीटर उरतं.

उंबरठा आत काय जगेल तेही ठरवतो. डोंगरावरून येणारं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगत बाहेर जातं. जड खारं पाणी खाली राहतं, आणि उंबरठा फार उंच असेल तर ते वर्षानुवर्षं कोंडून राहतं. दक्षिण नॉर्वेतल्या फ्रामवारेन फियॉर्डचा उंबरठा जेमतेम दोन मीटरांवर आहे. त्याच्या खालच्या पाण्यात प्राणवायू नाही, सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड साठलेला आहे. उलट ट्रॉन्डहाइमफियॉर्डात तौत्रा बेटाजवळच्या पाण्याखालच्या उंचवट्यावर प्रवाह खेळता असतो, आणि तिथे थंड पाण्यातलं प्रवाळ अवघ्या ३९ मीटर खोलीवर वाढतं. एरवी हे प्रवाळ शेकडो मीटर खाली असतं. वरून पाहिलं तर दोन्ही ठिकाणी डोंगर आणि पाणी, एवढंच दिसतं.

## मग सरळ 'खाडी' का म्हणू नये?

बोलताना म्हणा, कुणी अडवणार नाही. समुद्राचा जमिनीत शिरलेला फाटा एवढाच अर्थ हवा असेल तर खाडी हा शब्द पुरतो. पण वर्णन करायचं असेल तर तो दिशाभूल करतो.

दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या आपल्या खाड्या म्हणजे नद्यांच्या बुडालेल्या दऱ्या. भूगोलात त्यांना 'रिया' म्हणतात. वाशिष्ठीने किंवा शास्त्रीने जी दरी कोरली, तिच्या खालच्या टोकात समुद्र चढला, एवढंच. कोकणात हिमनदी कधी नव्हती. या खाड्यांच्या मुखाशीही उथळ दांडा असतो हे कोकणातले वाचक लगेच सांगतील. तो असतोच, पण तो लाटांनी आणि प्रवाहांनी रचलेल्या वाळूचा. आज आहे, पावसाळ्यानंतर थोडा सरकलेला असेल. फियॉर्डचा उंबरठा बहुधा कातळाचा, त्यावर हिमोढाची भर. हजारो वर्षं तो जागचा हललेला नाही. शिवाय आपल्या खाडीच्या काठाला चिखल असतो, कांदळवन असतं. फियॉर्डचा कडा मात्र बऱ्याच ठिकाणी पाण्यातून थेट उभाच राहतो.

## 'फियॉर्डेन' मधला 'एन' कोण?

आता त्या फोटोखालच्या ओळीकडे. नकाशावर 'सोग्नेफियॉर्डेन', 'गैरांगरफियॉर्डेन' असं लिहिलेलं असतं. शेवटचा 'एन' नावाचा भाग नाही, तो प्रत्यय आहे. इंग्रजीत नामाआधी 'द' लावतात, नॉर्वेजियन लोक ते काम शब्दाच्या शेपटीला करतात. फियॉर्ड म्हणजे कुठलाही एक, फियॉर्डेन म्हणजे 'तो' ठरावीक.

मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे आपल्याला हे कळायला सोपं आहे. उद्या एखाद्या परदेशी माणसाने 'पुण्यात' हे शहराचं नाव समजून 'मी पुण्यात शहरात राहिलो' असं लिहिलं तर आपण हसू. 'गैरांगरफियॉर्डेन फियॉर्ड' म्हणताना आपण तेच करतो. मराठीत लिहिताना शेपूट सोडून 'गैरांगरफियॉर्ड' लिहावं हे उत्तम. इंग्रजीतही तीच पद्धत रुळली आहे.

उच्चाराचंही थोडं सांगून टाकतो. नॉर्वेकर 'फियॉर्ड' म्हणतच नाहीत. त्यांच्या तोंडी तो 'फ्यूर' असतो, शेवटचा 'ड' मुका. आपल्याकडे फियॉर्ड रुळलाय, तो बदलायची गरज मला वाटत नाही. गावांच्या नावांत मात्र देवनागरीची ताकद वापरावी. नॉर्वेजियन लिपीत इंग्रजी 'ए'च्या डोक्यावर छोटं वर्तुळ असलेलं एक अक्षर आहे. १९१७ च्या सुधारणेपासून ते तिथे अधिकृत झालं. त्याचा उच्चार साधारण 'ऑ'. म्हणून पर्यटकांचं ते लाडकं गाव 'फ्लाम' नव्हे, 'फ्लॉम'. इंग्रजीला हा स्वर दाखवायला धडपडावं लागतं, आपल्याकडे त्यासाठी अक्षर तयार आहे.

## पिवळं पीतांबर, नॉर्वेजियन आवृत्ती

ही ती अर्धी चूक. 'गाईचं गोमूत्र' आणि 'पिवळं पीतांबर' म्हणू नये असं मराठीच्या बाई बजावायच्या. पण गैरांगर या नावाची फोड करून पाहा. जुन्या नॉर्स भाषेत 'गैर' म्हणजे भाला आणि 'अंगर' म्हणजे चिंचोळा समुद्रफाटा. म्हणजे 'गैरांगर' यातच 'भाल्यासारखा फियॉर्ड' आलं. लोक 'अंगर'चा अर्थ विसरले आणि पुढे पुन्हा फियॉर्ड जोडलं. हार्डांगरफियॉर्डचंही तसंच: हॉर्डर नावाच्या जमातीचा फियॉर्ड, फियॉर्ड. उत्तरेचा पोर्सांगर त्याच कुळातला, आणि स्टावांगर शहराच्या नावातही तोच अंगर लपला आहे.

इतर नावं अशीच बोलकी आहेत. लिसेफियॉर्डमधला 'लिसे' म्हणजे उजळ, काठच्या फिकट ग्रॅनाइटवरून पडलेलं नाव. 'सोग्ने'चं मूळ 'शोषणे' या अर्थाच्या जुन्या शब्दात असल्याचं मानतात आणि त्याचा संबंध फियॉर्डच्या तोंडाशी असलेल्या ओढीच्या प्रवाहांशी जोडतात. उंबरठ्याचं शास्त्र यायच्या कितीतरी आधी त्या पाण्यातून होड्या हाकणाऱ्यांना तिथली ओढ ठाऊक होती.

## मुख्य फियॉर्ड आणि फाटे

हिमनद्या एकमेकींना मिळत होत्या, त्यामुळे फियॉर्डही झाडासारखा असतो: एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. नॉर्वेजियन भाषेत फांदीला 'फियॉर्डआर्म' म्हणतात, म्हणजे फियॉर्डचा हात. आपण 'फाटा' म्हणू. महत्त्वाचं हे की प्रत्येक फाट्याला स्वतंत्र नाव असतं, आणि त्या नावातही पुन्हा 'फियॉर्ड' असतो.

नॅरॉयफियॉर्ड हा आउरलँडफियॉर्डचा फाटा, आणि आउरलँडफियॉर्ड हा सोग्नेफियॉर्डचा फाटा. तिकडे उत्तरेला गैरांगरफियॉर्ड हा सुन्निल्व्सफियॉर्डचा फाटा, सुन्निल्व्स हा स्टूरफियॉर्डचा. ताफियॉर्डही, एक पायरी ओलांडून, त्याच स्टूरफियॉर्डला मिळतो. वारसा क्षेत्राच्या शीर्षकात दोन प्रसिद्ध डहाळ्यांची नावं आहेत. जहाज मात्र आकाशातून डहाळीवर उतरत नाही, ते फांदीतून जातं. म्हणून नियम करताना शेजारच्या पाण्याचीही नावं घेऊन पाच फियॉर्ड सांगावे लागले. ते तीन घुसडलेले नाहीत, याच झाडाचे आहेत.

हे कळलं की आकड्यांचे घोटाळेही थांबतात. फ्लॉमहून बोटीने गुडवांगेनला जाणारी आपली मंडळी 'सोग्नेफियॉर्ड पाहिला' म्हणतात. खोटं नाही, पण त्यांनी पाहिले असतात आउरलँड आणि नॅरॉय हे फाटे. नॅरॉयफियॉर्ड १७-१८ किलोमीटर लांब आणि सर्वांत अरुंद जागी जेमतेम २५० मीटर रुंद. त्याच्या फोटोखाली 'लांबी २०५ किलोमीटर, खोली १,३०० मीटर' लिहिलं तर ते मुळा-मुठेचा फोटो लावून कृष्णेची लांबी सांगण्यासारखं होतं.

आणि नुसतं 'स्टूरफियॉर्ड' म्हणूनही भागत नाही. त्याचा अर्थ 'मोठा फियॉर्ड', आणि असे मोठे फियॉर्ड सुन्मोरमध्ये आहेत, ट्रॉम्समध्ये आहेत, थेट स्वालबार्डलाही आहेत. 'सोरफियॉर्ड', म्हणजे दक्षिणेकडचा, हेही असंच जागोजागी भेटणारं नाव. आपल्याकडे वडगाव म्हटलं की 'कुठलं? बुद्रुक, शेरी की मावळ?' असं विचारतात, तसाच प्रश्न इथेही विचारावा.

## नावात फियॉर्ड आहे म्हणजे फियॉर्डच ना?

नाही. आणि नेमका इथेच जाणकार म्हणवणाराही घसरतो.

'फियॉर्ड' हा शब्द हिमनदीच्या सिद्धांताहून खूप जुना. त्याच्या मुळाशी 'ओलांडून जाणे' हा अर्थ आहे. इंग्रजीतली 'फेरी' बोट त्याच घराण्यातली, आणि संस्कृतातून आपल्याकडे आलेला 'पार' हा शब्दही त्याचा दूरचा नातलग. होडीने पार करायचं लांबट पाणी ते फियॉर्ड, असा हा दर्यावर्दींचा शब्द होता. भूगोलवाल्यांनी तो नंतर उचलला आणि त्याला बर्फाची अट घातली. जुनी नावं त्या अटीला बांधील नाहीत.

म्हणून टिरिफियॉर्ड हा गोड्या पाण्याचा तलाव आहे, समुद्रसपाटीपासून ६३ मीटर उंचीवर. २०११ च्या हल्ल्यामुळे जगभर ऐकलेलं उटोया बेट समुद्रात नाही, या तलावात आहे. बर्फाचं ओझं उतरल्यावर तिथली जमीन हळूहळू वर आली आणि कधीकाळी समुद्राखाली असलेला तो भाग तुटून आत राहिला. रान्ड्सफियॉर्डही तलावच. ऑस्लोफियॉर्डच्या मुळाशी खचदरी आहे, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी जमीन ताणून खचलेली. हिमनद्यांनी तिच्यावर नंतर हात फिरवला, पण भूशास्त्राच्या काटेकोर अर्थाने तिला फियॉर्ड म्हणायला बरेच जण कचरतात. उलट न्यूझीलंडच्या 'मिलफर्ड साउंड'च्या नावात फियॉर्ड नाही, पण तो अस्सल फियॉर्ड आहे.

ग्रीनलंडच्या 'स्कोर्सबी सुंड'ला नावात 'सुंड' मिळाला असला तरी तोही फियॉर्डांचंच जाळं आहे, सुमारे ३५० किलोमीटर आत शिरणारं. त्यामुळे 'जगातला सर्वांत लांब फियॉर्ड, सोग्ने' हे सहलींच्या पत्रकांतलं वाक्य खोडावं. सोग्ने नॉर्वेतला सर्वांत लांब आणि सर्वांत खोल. तेवढं पुरे आहे.

## एका पाण्याची तीन नावं

उत्तर नॉर्वेत आणखी एक पदर निघतो. तिथे सामी लोक आहेत, फिनिशशी जवळची भाषा बोलणारे क्वेन आहेत. उत्तर सामी भाषेत फियॉर्डला 'वुओत्ना' म्हणतात, क्वेन भाषेत 'वुओनो'. लिंगेनफियॉर्डचं सामी नाव इव्गोवुओत्ना. ही टोपणनावं नाहीत. नॉर्वेच्या स्थळनाम कायद्यात सामी आणि क्वेन नावांनाही जागा आहे, आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर ती दिसतात.

## इतकी काटेकोरपणाची गरज आहे का?

फोटोपुरती कदाचित नसेल. पण ७ एप्रिल १९३४ च्या पहाटे ताफियॉर्डच्या कड्याचा एक प्रचंड तुकडा पाण्यात कोसळला. उठलेलं पाणी काठावर ६० मीटरहून वर चढलं आणि ४० माणसं गेली. अरुंद, खोल आणि उभ्या भिंतींच्या पाण्यात लाट पांगत नाही, फाट्याफाट्यातून धावते. आज तशीच भीती ऑकेरनेसेट नावाच्या डोंगराची आहे. तिथली भेग रुंदावते आहे आणि तिच्यावर उपकरणांनी रात्रंदिवस नजर असते. तो डोंगर उभा आहे सुन्निल्व्सफियॉर्डवर, पण तो कोसळला तर लाट हेलेसिल्ट गावात जाईल आणि वळून गैरांगरमध्येही शिरेल. कुठला फाटा कशाला जोडलेला आहे हे तिथल्या शाळकरी मुलांनाही माहीत असावं लागतं.

राहता राहिली त्या फोटोखालची ओळ. ती अशी लिहिता येईल: 'गैरांगरफियॉर्ड, स्टूरफियॉर्डच्या सुन्निल्व्स फाट्याचा उपफाटा, मोरे ओग रोम्सडाल, नॉर्वे. समोर सात बहिणी धबधबा.' मात्र त्याआधी फोटो कुठल्या महिन्यातला आहे ते पाहा. हा धबधबा वितळत्या बर्फावर जगतो. जूनमध्ये बहिणी भरभरून वाहतात, उन्हाळा सरताना त्यांतल्या काही आटतात. समोरच्या कड्यावर 'फ्रियारेन', म्हणजे लग्नाची मागणी घालणारा, नावाचा एकटा धबधबा त्यांच्याकडे तोंड करून उभा आहे. फोटोत चारच धारा मोजता आल्या, तर नाव 'सात बहिणी' लिहून वर्णनात चार लिहायला हरकत नाही.